ताईंचा आवाज का चढत होता: इंदूरच्या एका स्टुडिओतलं हेडफोनचं प्रकरण

जुलैत इंदूरच्या एका लहान रेडिओ स्टेशनवरून मला फोन आला. सकाळी सात ते दहा कार्यक्रम करणाऱ्या निवेदिका साडेआठनंतर ओरडून बोलतात, अशी श्रोत्यांची तक्रार होती. आठवड्यातून दोनदा तरी त्यांचा घसा बसत होता. डॉक्टरांनी आवाजाला विश्रांती द्यायला सांगितली, ती देऊन झाली, आठ दिवसांनी पुन्हा तेच. स्टेशनने नवा माइक आणला, तरी तेच. मग कुणीतरी माझं नाव सुचवलं. मी ध्वनीचं काम करतो, जास्त करून नाटकं आणि गाण्याच्या मैफिली, अधूनमधून स्टुडिओ.

हे सगळं सविस्तर लिहितोय, कारण तिथे प्रत्येकाचं लक्ष त्यांच्या तोंडाकडे होतं. माइक, घसा, श्वास, कोमट पाणी, ज्येष्ठमध. त्यांच्या कानात काय जातंय, हे तीन महिन्यांत एकानेही ऐकून पाहिलं नव्हतं. निवेदकाचा आवाज त्याच्या हेडफोनमध्ये घडतो किंवा बिघडतो, हे आमच्या धंद्यात सगळ्यांना ठाऊक असतं. तरी हेडफोनची बटणं ही ज्याच्या त्याच्या सोयीची गोष्ट समजून सोडून दिली जातात. मला ते पटत नाही.

त्यांना मी ताई म्हणतो. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठ्या, माहेर इंदूरच्याच रामबागेतलं. पहिल्या दहा मिनिटांत माझी आई कोण, मामा कुठले हे सगळं निघालं आणि त्यांच्या तोंडी माझ्यासाठी 'तुम्ही'चं 'तू' झालं. कार्यक्रम हिंदीत असतो, पण माइक बंद झाला की आमचं बोलणं मराठीत.

इंदूरला रेडिओचं कौतुक जुनं आहे. आकाशवाणीचं केंद्र इथे 1955 पासून आहे आणि खासगी एफएमही 2001 सालीच आलं. ऐकणाऱ्यांचा कान तयार आहे. ताईंना त्यांच्या नेहमीच्या पोहेवाल्याने विचारलं होतं, "मैडम, आजकल सुबह-सुबह किस पर नाराज रहती हो?" मला फोन येण्याच्या दीड महिना आधीची ही गोष्ट. दुखणं त्याने बरोबर ओळखलं होतं.

पहिला दिवस

पहिला दिवस मी माइकच्या मागे घालवला. केबल, प्रीअँप (माइकचा बारीक सिग्नल वाढवणारं यंत्र), कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार दाबणारं यंत्र) सगळं तपासलं. कुठेच काही सापडलं नाही. एक काम मात्र उपयोगाचं झालं: ताईंच्या माइकचा कच्चा सिग्नल, म्हणजे फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) आणि कॉम्प्रेसरच्या आधीचा, मी तिन्ही तास लॅपटॉपवर घेतला. गेनला, म्हणजे माइकचा सिग्नल किती वाढवायचा त्या बटणाला, हात लावू दिला नाही. सात वाजून दहा मिनिटांनी त्यांच्या बोलण्याची सरासरी उणे 22 डेसिबलच्या आसपास होती (शून्य म्हणजे रेकॉर्डिंगची कमाल पातळी), पावणेदहाला उणे 16. म्हणजे 6 डेसिबलची चढ. ध्वनीच्या दाबाच्या हिशेबात हे दुप्पट झालं. तोंड आणि माइक यांतलं अंतर तेच, मजकूर त्याच धाटणीचा. आवाज पायरीपायरीने वर गेला होता आणि ताईंना त्याचा पत्ता नव्हता. मी आलेख दाखवला तेव्हा त्या म्हणाल्या, "अरे, मला तर वाटत होतं मी आज जपून बोलले."

हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं. पॅरिसचे कानाघशाचे डॉक्टर एतिएन लोंबार यांनी 1911 साली नेमकं हेच नोंदवलं होतं. बोलत्या माणसाच्या कानात गोंगाट सोडला की त्याचा आवाज आपोआप चढतो, गोंगाट थांबवला की उतरतो, आणि आपण आवाज चढवला होता हे त्याला कळतही नाही. याची दुसरी बाजूही पुढे सिद्ध झाली आहे: माणसाला त्याचाच आवाज कानात मोठा करून ऐकवला तर तो हळू बोलायला लागतो. ताईंच्या कानात यातलं काय चाललंय, ते बघायचं होतं.

त्यांचा हेडफोन मी घातला

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला, गाणं चालू असताना, मी म्हटलं, "ताई, दोन मिनिटं तुमचा हेडफोन द्या. बटणाला हात लावू नका."

मी तो डोक्यावर चढवला आणि लगेच काढला. इतका मोठा आवाज होता. दचकायला लावणारा. पुन्हा घातला. गाणं भिंतीसारखं समोर उभं होतं. ताईंच्या माइकवर मी "नमस्कार" म्हणालो, तर माझा आवाज त्या भिंतीच्या मागून आला, जाड, दाबलेला आणि जरासा उशिरा. डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा.

उशिरा. इथून गाठ सुटायला सुरुवात झाली.

हेडफोनचा स्रोत 'एअर'वर होता. म्हणजे ताईंना स्वतःचा आवाज कन्सोलमधून, म्हणजे स्टुडिओतल्या मिक्सरमधून, थेट मिळत नव्हता. तो प्रोसेसरमधून, ट्रान्समीटरवरून हवेत जाऊन, ट्यूनरमधून परत येत होता. किती उशिरा, ते मी मोजलं. लॅपटॉपच्या एका चॅनेलवर माइक घेतला, दुसऱ्यावर हेडफोनचं आउटपुट, आणि टेबलावर पेन्सिल एकदा टक्कन आपटली. दोन टोकांमध्ये 22 मिलिसेकंद. ध्वनी एवढ्या वेळात साडेसात मीटर जातो. आपण बोलावं आणि साडेसात मीटरवरून कुणी तेच शब्द आपल्या मागोमाग आपल्याच आवाजात कानात घालावेत, तसं हे होतं. स्वतःचा आवाज माणसाला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो, तोही तत्क्षणी. हाडातला आवाज आणि हेडफोनमधला उशिराचा आवाज एकमेकांत मिसळले की काही स्वर कापले जातात, काही फुगतात. उशीर 200 मिलिसेकंदांच्या जवळपास गेला तर चांगला बोलणाराही अडखळायला लागतो, हे 1950 साली अमेरिकन संशोधक बर्नार्ड ली यांनी दाखवलं. 22 वर कोणी अडखळत नाही, पण आवाज आपला वाटत नाही. मग माणूस हाडातला तो परका गोंधळ झाकायला हेडफोन वाढवतो. ताईंनी तेच केलं होतं, रोज थोडं थोडं.

याहून मोठी अडचण प्रोसेसरची होती. ट्रान्समीटरच्या आधीचा प्रोसेसर सगळं एका पातळीवर आणून ठेवतो. श्रोत्यासाठी ते चांगलंच आहे, गाडीत किंवा दुकानात ऐकताना बटण फिरवत बसावं लागत नाही. पण ताई हळू बोलल्या काय आणि जोरात बोलल्या काय, त्यांच्या कानात येणारा त्यांचा आवाज तेवढाच राहत होता. आपण चढतोय हे सांगणारा लगामच नाही. गाणं खाली चालू असताना बोलायचं असेल, तर प्रोसेसर वाक्यांच्या मधल्या जागेत गाणं वर ओढायचा, त्यावरून आवाज नेण्यासाठी पुढचं वाक्य आणखी जोरात. पहिल्या दिवशीच्या रेकॉर्डिंगमध्ये ही चढ स्पष्ट दिसते. प्रत्येक गाण्याच्या शेपटावरच्या निवेदनात दीड-दोन डेसिबल जास्त, पुढे परत पूर्ण खाली येणं नाही.

नऊ डेसिबल कुठे गेले

मग बटण शेवटच्या टोकाला का होतं? स्टुडिओत चार हेडफोनांना आवाज वाटून देणारा एक अँप होता. ताईंचा हेडफोन 250 ओमचा, सोबतच्या तरुण निवेदकाचा 32 ओमचा (ओम म्हणजे विजेला होणाऱ्या विरोधाचं माप). कंपनी एकच, मॉडेल एकच, रंगही सारखा. ओमचा आकडा बारीक अक्षरात छापलेला असतो, आणि खरेदी करणाऱ्याने जे मिळाले ते दोन आणले. दोन्हीला व्होल्टेज तेवढंच मिळालं तर 250 ओमच्या हेडफोनमध्ये जवळपास आठपट कमी शक्ती जाते, म्हणजे 9 डेसिबल कमी. तरुण निवेदकाला कान फाटेल एवढं ऐकू यायचं म्हणून तो मुख्य बटण खाली करायचा, आणि ताई आपलं बटण वर नेत नेत शेवटाला पोचल्या होत्या. तिथे अँपमधून आवाज फाटून येत होता. दोघांनी एकमेकांना याबद्दल कधी विचारलं नव्हतं. त्यांना वाटायचं आपल्या कानाची आवड वेगळी.

याला उपाय शंभर रुपयांचाही लागला नाही. कपाटात 250 ओमचा एक जुना जोड पडून होता, गाद्या झिजलेल्या. गाद्या बदलून तो तरुण निवेदकाला दिला. एका टेबलावर एकाच जातीचे हेडफोन असावेत.

डावा कान

तिसरी गोष्ट मला उशिरा दिसली, कारण ती सवयीसारखी दिसत होती. ताई हेडफोनची डावी वाटी कानामागे सरकवून बसायच्या. बरेच जुने निवेदक असं करतात, एक कान मोकळा ठेवतात. मी विचारलं, "ताई, डावाच का?"

"त्या कानात प्रोड्यूसर आदळतो रे. ऐकू मात्र धड येत नाही."

आदळतो आणि ऐकूही येत नाही. या दोन गोष्टी एकत्र आल्या की थांबून विचार करावा लागतो. टॉकबॅक, म्हणजे काचेपलीकडून प्रोड्यूसर जे बोलतो ते, फक्त डाव्या कानात सोडलेलं होतं, आणि पूर्ण जोरात. त्यामुळे वाटी बाजूला जायची. वाटी बाजूला गेली की दोन गोष्टी होतात. एका कानाने ऐकताना तोच आवाज कमी वाटतो, साधारण 3 ते 6 डेसिबलनी, म्हणून उजवीकडचा वाढवला जातो. आणि मोकळ्या वाटीतून गाणं गळून माइकमध्ये शिरतं. श्रोत्यांना कधीकधी ताईंच्या मागे बारीक घुमार ऐकू यायचा तो हाच.

पण "धड ऐकू येत नाही" याचं उत्तर त्यात नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर ताईंना मी बसवून ठेवलं. दोन्ही वाट्या नीट कानावर, मध्यम आवाज, आणि एकाच सुराचं निवेदन दोन्हीकडे अगदी सारखं. विचारलं, "आवाज डोक्यात कुठे वाटतो? बोट लावून दाखवा."

सारखा आवाज दोन्ही कानांत गेला की तो कपाळाच्या मधोमध उभा राहतो. ताईंनी बोट उजव्या भुवईच्या टोकावर ठेवलं.

हेडफोनची डावी बाजू कमजोर असेल, किंवा डावा कान. हे ओळखायची युक्ती सोपी आहे. मी ताईंना हेडफोन उलटा घातला, उजवी वाटी डाव्या कानावर. दोष हेडफोनमध्ये असता तर बोट डावीकडे गेलं असतं. ते पुन्हा उजव्या भुवईवरच गेलं. मग मी उजवीकडचा आवाज हळूहळू कमी केला. चार-साडेचार डेसिबल उतरवल्यावर ताई म्हणाल्या, "आला बघ. टिकलीच्या जागी."

इथे एक मोह होतो, तो टाळायलाच हवा. डावा कान कमी ऐकतो, म्हणून डावीकडचा आवाज वाढवून टाकायचा. मी तसं करत नाही. बॅलन्स साधायचा तो चांगल्या बाजूचा आवाज उतरवून. कमजोर कानावर आणखी मारा करायचा नाही, आणि हेडफोनच्या अँपला श्रवणयंत्र बनवायचं नाही. मी ताईंना म्हटलं, "हे तात्पुरतं आहे. या आठवड्यात कानाच्या डॉक्टरांकडे जा. घशाच्या नाही, कानाच्या."

त्याच दिवशी ध्वनीमापकाने हेडफोनमधला आवाजही पाहिला. पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात मापकाचा माइक बसवला आणि वाटी वर दाबली. ही ढोबळ पद्धत आहे, फक्त आधी-नंतरच्या तुलनेपुरती. गाण्याच्या भागात आकडा 96 डीबीए (माणसाच्या कानाच्या हिशेबाने मोजलेले डेसिबल) दाखवत होता. अमेरिकेच्या निओश या कामगारांच्या आरोग्यासाठीच्या संस्थेची मर्यादा आठ तासांना 85 डीबीए अशी आहे, आणि प्रत्येक 3 डेसिबलला वेळ निम्मा: 88 ला चार तास, 91 ला दोन, 94 ला एक. ताई 96 च्या आसपास रोज तीन तास बसत होत्या. स्टेशनच्या मालकांना मी हा हिशेब कागदावर मांडून दिला. तोवर ते हे सगळं आवाजाच्या गोडव्याचं प्रकरण समजत होते.

नव्याने लावलं ते असं

हेडफोनचा स्रोत 'एअर'वरून काढून 'प्रोग्रॅम'वर आणला, म्हणजे कन्सोलमधून थेट, प्रोसेसरच्या आधीचा. यावर मालकांची हरकत आली आणि ती चुकीची नव्हती. निवेदकाला हवेतला आवाज ऐकू येत नसेल तर ट्रान्समीटर बंद पडल्याचं कळणार कसं? ते काम आम्ही प्रोड्यूसरच्या बाजूला दिलं. त्याच्या खोलीत ट्यूनर कायम चालू, आणि आवाज काही सेकंद गेला की स्टुडिओत लाल दिवा लागेल असं साधं सर्किट. तरुण निवेदकाची हरकत वेगळी होती. थेट आवाज त्याला 'पतला' वाटला, प्रोसेसरमधला भारदस्त आवाज कानात आला की त्याला रंग चढतो. ही गरज खरी असते. त्याच्या हेडफोनच्या वाटेवर एक हलका अ‍ॅनलॉग कॉम्प्रेसर घातला, त्याला उशीर नसतो. ताईंच्या वाटेवर काहीच घातलं नाही.

थेट आवाज आल्यावर ताई म्हणाल्या, "उशीर गेला, पण आवाज पोकळ आहे. पोटातून येत नाही." मी माइकच्या चॅनेलवरचं पोलॅरिटीचं, म्हणजे आवाजाची लाट उलटी करणारं, बटण दाबलं. "आता?"

"हां! हा माझा."

माइकच्या केबलमध्ये दोन आणि तीन नंबरच्या पिनांच्या तारा उलट जोडलेल्या निघाल्या. रेकॉर्डिंगमध्ये याने काही फरक पडत नाही, श्रोत्यालाही कळत नाही. पण हेडफोनमधला उलटा आवाज हाडातल्या आवाजाला खालच्या स्वरांत खोडून काढतो, आणि तो त्रास जगात एकाच माणसाला होतो, बोलणाऱ्याला. म्हणून निवेदक "काहीतरी विचित्र वाटतंय" म्हणाला, तर आपल्याला ऐकू येत नाही म्हणून ते झटकू नये. केबल नव्याने झाळली.

मग लेव्हल. हेडफोनचं बटण शून्यावर आणलं आणि ताईंना त्या दिवशीचं खरं निवेदन वाचायला दिलं. 'हॅलो, वन, टू, थ्री'वर मी कधीच लेव्हल लावत नाही, त्या आवाजात कोणी बोलत नाही. आधी फक्त त्यांचा आवाज, गाणं नाही. बटण हळूहळू वर नेत, त्यांनी हात वर करेपर्यंत. त्यानंतर निवेदनाखाली गाणं, त्यांच्या आवाजाला धक्का लागणार नाही इतकंच. टॉकबॅक शेवटी, दोन्ही कानांत, निम्म्याहून कमी, आणि तो आला की गाणं जरा खाली जाईल असं. फोनवरच्या श्रोत्याचा आवाज तपासला, त्याला त्याचाच आवाज परत जात नाही ना एवढं पाहिलं. ते नीट होतं.

एक प्रयोग मी त्यांना न सांगता केला आणि संपल्यावर सांगितला. निवेदन चालू असताना त्यांच्या कानातला त्यांचाच आवाज 3 डेसिबलने वाढवला, गाणं तेवढंच. तीन-चार वाक्यांत माइकवरची लेव्हल दीड डेसिबल खाली आली. खांदेही उतरले, ते काचेतून दिसलं. तीन महिने त्यांना सगळे "थोडं हळू बोला" सांगत होते. त्यांनी तो सल्ला मनापासून पाळायचा प्रयत्न केला होता, आणि कान तो पाळू देत नव्हता. याचं मला फार वाईट वाटलं.

पुढे काय झालं

चौथ्या दिवसापासून मी पुन्हा कच्चा सिग्नल घेतला. सकाळच्या पहिल्या आणि शेवटच्या निवेदनात फरक 1 ते 2 डेसिबल. एवढा असतोच, तीन तासांत घसा तापतो. पुठ्ठ्यातला मापक गाण्यावर 84-85 दाखवत होता. डावी वाटी कानावरच राहिली. टॉकबॅक आदळायचं थांबल्यावर ती सरकवायचं कारण उरलं नाही.

दहा दिवसांनी ताईंचा फोन आला. कानाच्या डॉक्टरांनी डाव्या कानातून मळाचा घट्ट बोळा काढला होता. कापसाच्या काडीने रोज साफ करायच्या सवयीने तो आत आत ढकलला गेला होता. श्रवणचाचणीत बाकी काही निघालं नाही. "आता उलटंच झालंय," त्या म्हणाल्या, "आवाज डाव्या बाजूला पडतो."

मला हे आधीच सांगायला हवं होतं. साडेचार डेसिबलचा तिरका बॅलन्स आता चुकीचा झाला होता, आणि तो तसाच राहिला असता तर ताईंनी डावी वाटी पुन्हा मागे सरकवली असती. मी गेलो, त्यांना पुन्हा खुर्चीत बसवलं, बोट कपाळावर ठेवायला सांगितलं. बॅलन्स जवळजवळ मध्यावर आला, उजवीकडे अर्धा डेसिबल कमी.

अँपच्या बटणांशेजारी मी पांढरी पट्टी चिकटवली आहे. त्यावर पेन्सिलने तीन खुणा: ताईंची लेव्हल, बॅलन्स, टॉकबॅक, आणि खाली तारीख. तरुण निवेदकाने आपल्या बटणाशेजारी स्वतःहून तशीच पट्टी लावली. गणपतीत दोघांनाही सर्दी झाली तेव्हा ताईंनी बोट लावून बॅलन्स स्वतःच पाहिला, पट्टीवरची जुनी खूण खोडली आणि नवी केली. सर्दी गेल्यावर ती परत जुन्या जागी आली.